संत्रापट्ट्यातल्या घरी टॉम कॉलिन्स: जिन, लिंबू आणि सोड्याचे पेय नीट कसे जमवावे

जिन, लिंबाचा रस, साखर आणि सोडा या चार जिनसांच्या पेयाला टॉम कॉलिन्स म्हणतात. आपण उन्हाळ्यात पाहुण्यापुढे ठेवतो त्या लिंबू-सोड्यात जिन ओतली की झाले, असे ऐकताना वाटते. परंतु तसे केलेला ग्लास आणि नीट केलेला ग्लास शेजारी ठेवून चाखले, तर एक गोड, कोमट आणि बसलेला लागतो, आणि दुसरा आंबट, करकरीत थंड आणि शेवटच्या घोटापर्यंत फसफसता राहतो. हा फरक महागड्या बाटलीमुळे पडत नाही. आंबटपणाचे माप, बर्फ आणि सोड्याचा गारपणा या तीन गोष्टींवर तो अवलंबून असतो, आणि काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या विदर्भातल्या संत्रापट्ट्यात राहणाऱ्या माणसाला यांपैकी पहिली गोष्ट जितकी सहज मिळते, तितकेच दुसरी आणि तिसरी मिळवणे कठीण जाते.

पेयाच्या नावामागे एक गमतीदार हकिकत आहे. 1874 साली न्यूयॉर्कमध्ये लोक एकमेकांना "टॉम कॉलिन्स तुझ्याविषयी नको ते बोलत फिरतो आहे, पलीकडच्या बारमध्ये बसला आहे" असे सांगून या नसलेल्या माणसाच्या शोधात पिटाळत असत. दोन वर्षांनी, 1876 मध्ये, जेरी थॉमस या प्रसिद्ध अमेरिकन बारटेंडरच्या पुस्तकात या नावाची कृती छापली गेली. तिच्यात जिन, लिंबू आणि पाक बर्फाबरोबर हलवून मोठ्या ग्लासात गाळण्यास, वर सोडा भरण्यास आणि फसफस जिवंत आहे तोवर पिऊन टाकण्यास सांगितले आहे. दीडशे वर्षांत या सूचनेत सुधारणा करावी असे फारसे काही सापडलेले नाही.

कृतीकडे वळण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट असलेली बरी, कारण विदर्भात ती जिल्ह्यागणिक बदलते. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे; चंद्रपुरात 2015 साली लागू झालेली बंदी 2021 मध्ये उठली. बंदी असलेल्या जिल्ह्यात हा लेख केवळ वाचण्यापुरता समजावा, किंवा शेवटी दिलेला बिनदारूचा प्रकार करावा. इतर ठिकाणीही महाराष्ट्रात जिनसारखे मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा हा परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन अशा स्वरूपात मिळतो. नागपूरहून बाटली घेऊन वर्ध्यावरून गावी जाणाऱ्याने तर हा मुद्दा दोनदा वाचावा.

जिन

धान्यापासून किंवा मळीपासून काढलेल्या, स्वतःची चव नसलेल्या मद्यार्काला ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास दिला की जिन तयार होते. आयुर्वेदात या फळाला हपुषा म्हणतात. हपुषेच्या जोडीला धणे जवळजवळ प्रत्येक जिनमध्ये असतात, आणि बहुतेकींमध्ये लिंबाची किंवा संत्र्याची वाळवलेली सालही असते. जिन आणि लिंबूवर्गीय फळे यांचे इतके का जमते, याचे उत्तर त्या सालीत आणि धण्यांत आहे.

टॉम कॉलिन्ससाठी साधी, कोरडी, हपुषेचा वास ठळक असलेली जिन घ्यावी. गेल्या काही वर्षांत गोव्यात तयार होऊ लागलेल्या भारतीय जिन या कामासाठी उत्तम आहेत आणि तालुक्याच्या दुकानात नसल्या तरी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. फार महाग, अनेक फुलापानांच्या वासाची जिन येथे वाया जाते, कारण लिंबू आणि सोडा त्या बारीक छटा झाकून टाकतात. पहिल्यांदा करून पाहणाऱ्याने 180 मिलिलिटरची निप आणावी. 60 मिलिलिटरच्या मापाने तिच्यात बरोबर तीन ग्लास होतात. मोहाची दारू जिनच्या जागी वापरण्याचा सल्ला देणारे लोक प्रत्येक गावात असतात. तिचा स्वतःचा वास इतका दांडगा असतो की लिंबू तिच्यापुढे टिकत नाही. शिवाय हातभट्टीच्या मालात काय उतरले आहे हे डोळ्यांनी किंवा नाकाने ओळखता येत नाही, आणि तिच्यात मिथेनॉल हा विषारी मद्यार्क असला तर माणसे आंधळी होतात किंवा दगावतात. तो प्रयोग करू नये.

आंबट कुठून आणावे

या पेयाचा कस आंबटपणात लागतो. मूळ कृतीत युरोप-अमेरिकेतले पिवळे, जाड सालीचे लिंबू आहे, आणि आपल्याकडे सर्वत्र मिळते ते कागदी लिंबू. दोघांच्या रसात सायट्रिक आम्ल साधारण 6 टक्क्यांच्या आसपास असते, परंतु कागदी लिंबाची चव अधिक टोकदार आणि किंचित कडसर असते, तर पिवळ्या लिंबाची गोलाईकडे झुकणारी असते. म्हणून जिथे परदेशी कृती 30 मिलिलिटर रस सांगते, तिथे कागदी लिंबाचा 25 मिलिलिटर पुरतो.

संत्र्याच्या बागा असलेल्यांसाठी मात्र याहून चांगला पर्याय बांधाच्या आत उभा असतो आणि बहुतेकांच्या तो ध्यानात येत नाही. नागपुरी संत्र्याचे कलम जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात. वरचे संत्र्याचे कलम काही कारणाने वाळले आणि खालच्या खुंटाचे धुमारे कोणी छाटले नाहीत, तर काही वर्षांत त्या जागी जंबेरीचे झाड उभे राहते आणि त्याला खडबडीत सालीची, पिवळी, मोठी लिंबे लागतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते झाड बिनकामाचे असते; मजूर त्याची लिंबे हात धुवायला नेतात. पण या फळाचा भरपूर, कागदी लिंबाहून थोडा सौम्य रस आणि त्याच्या सालीचा मोकळा सुगंध यांमुळे टॉम कॉलिन्ससाठी मला आजवर मिळालेले ते सर्वांत योग्य फळ आहे. जंबेरी वापरली तर पूर्ण 30 मिलिलिटर रस घ्यावा.

आता संत्र्याविषयी. "आपल्याकडे एवढा संत्रा असताना लिंबू कशाला?" असे म्हणून मीही पहिल्या खेपेला लिंबाच्या जागी तेवढाच संत्र्याचा रस घातला होता. पेय सपक झाले, आणि दोष जिनवर गेला. दोष गणिताचा होता. पिकलेल्या नागपुरी संत्र्याच्या रसात आम्ल एक टक्क्याहूनही कमी असते, म्हणजे लिंबाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. संत्रे सुगंध आणि गोडी देते, आंबटपणा देत नाही. त्यामुळे लिंबाला रजा देऊन संत्रे आणता येत नाही, सोबतीला बसवावे लागते. संत्र्याचा प्रकार करायचा असल्यास 30 मिलिलिटर संत्र्याचा रस आणि 20 मिलिलिटर कागदी लिंबाचा रस घ्यावा आणि पाक निम्मा करावा.

दुसरी चूक रस काढण्यात होते. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडू होऊ लागतो. फळाच्या पडद्यांत आणि बियांत असलेल्या एका द्रव्याचे आम्लाच्या सान्निध्यात लिमोनिन बनते, आणि ते अतिशय कडू असते. संत्र्याच्या रसाचा उद्योग करणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. आमच्या घरी एकदा पाहुण्यांसाठी सकाळीच दोन डझन संत्री बियांसकट मिक्सरमधून काढली गेली आणि संध्याकाळी तो रस कोणालाच पिववेना. म्हणून फोडी सोलून, बिया काढून, हाताने किंवा साध्या दाबयंत्राने हलकेच दाबून रस काढावा, गाळावा आणि अर्ध्या तासात वापरावा. मिक्सर आणू नये. लिंबाचा रस इतक्या लवकर बिघडत नाही, तरी तोही त्याच दिवशीचा असावा. बाटलीतला तयार लिंबूरस या पेयात लगेच उघडा पडतो.

ऋतूचा विचारही करावा लागतो. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस आलेल्या फुलोऱ्याची, संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी आलेल्या फुलोऱ्याची, फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगाचे फळ मला या कामासाठी अधिक आवडते, कारण त्याची चव भरीव असते आणि तोवर हवाही थंड पेयाची होऊ लागलेली असते. एप्रिल-मेमध्ये संत्रा संपलेला असतो आणि लिंबाचा भाव आभाळाला भिडलेला असतो, त्या दिवसांत जंबेरीच्या झाडाची आठवण ठेवावी.

पाक

साखर थेट ग्लासात टाकल्यास थंड पेयात विरघळत नाही आणि तळाशी बसते. त्यासाठी आधी पाक करून ठेवावा, मात्र तो तारेचा नसावा. 200 ग्रॅम साखर आणि 200 मिलिलिटर पाणी मंद आचेवर ठेवून साखर विरघळली की लगेच उतरवावे. उकळत ठेवले तर पाणी उडते आणि माप चुकते. यातून सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास पाक मिळतो, म्हणजे 20 मिलिलिटरप्रमाणे सोळा ग्लासांना पुरेल इतका. स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवल्यास तो तीन आठवडे टिकतो. गूळ येथे चालत नाही. त्याची खमंग चव जिनच्या वासावर बसते आणि रंगही गढूळ होतो.

थोडे कष्ट घेण्याची तयारी असेल तर पाकाला सालीचा सुगंध द्यावा. जंबेरीची साल, पांढरा भाग न घेता, पातळ काढून 200 ग्रॅम साखरेत चुरगळावी आणि चार-पाच तास झाकून ठेवावी. साखर सालीतले तेल ओढून घेते आणि ओलसर होते. मग त्यात 200 मिलिलिटर गरम पाणी घालून, ढवळून, गाळून घ्यावे. फवारणी झालेल्या बागेतले फळ असेल तर साल वापरण्यापूर्वी ते कोमट पाण्यात घासून धुणे आवश्यक आहे. शेवटची फवारणी अलीकडचीच असेल तर साल वापरूच नये.

बर्फ आणि सोडा

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो त्या दिवसांत या पेयाचा खरा शत्रू ऊन असतो. सोड्यातला फसफसणारा वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, थंड पाण्यात अधिक विरघळतो. 20 अंशांच्या पाण्यात मावतो त्याच्या जवळपास दुप्पट वायू शून्य अंशाच्या पाण्यात मावतो. कोमट सोड्याची बाटली उघडताच निम्मा जीव फस्सकन निघून जातो तो यामुळेच. सोडा किमान पाच-सहा तास फ्रिजमध्ये आडवा न ठेवता उभा ठेवावा. घाईने काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात टाकू नये, ती फुटते. वीज गेली असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी जाडे मीठ घालून बाटल्या त्यात बुडवाव्यात. मिठामुळे ते पाणी शून्याखाली उतरते आणि पंधरा-वीस मिनिटांत काम होते. माठातले पाणी पिण्यास कितीही गार लागले तरी सोड्यासाठी तो गारपणा अपुरा पडतो.

आठवडी बाजारात मिळणारा गोटी सोडा वापरता येतो आणि मला तो आवडतोही. या बाटलीचे एकस्व, म्हणजे पेटंट, इंग्लंडमधल्या हायरम कॉड यांनी 1872 मध्ये घेतले होते, म्हणजे बाटली आणि पेय जवळपास एका वयाची आहेत. आतल्या वायूच्या दाबाने गोटी रबरी कड्यावर घट्ट बसते. ती एकदा दाबून खाली पाडली की बाटली पुन्हा बंद होत नाही, त्यामुळे दोन ग्लास एकदम करायचे असतील तेव्हाच ती फोडावी. विक्रेत्याला साधा सोडा मागावा, मीठ घातलेला नव्हे. टॉनिक वॉटर ही वेगळी वस्तू आहे, ते कडू आणि गोड असते, आणि ते घातल्यास पेय टॉम कॉलिन्स राहत नाही.

बर्फासाठी पाणी कोणते, हा प्रश्न इतर ठिकाणी कोणी विचारणार नाही, परंतु अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तो विचारावाच लागतो. बोअरच्या खारट पाण्याचा बर्फ वितळत जातो तसतशी पेयाला मचूळ चव येते. शुद्ध केलेल्या जारच्या पाण्याचा बर्फ लावावा. ट्रेमधले लहान खडे लवकर वितळतात, म्हणून एखाद्या चौकोनी डब्यात पाणी भरून आदल्या रात्री गोठवावे आणि सकाळी तो ठोकळा स्वच्छ फडक्यात गुंडाळून बत्त्याने मोठे तुकडे करावेत. लग्नाच्या मांडवात येणारी बर्फाची लादी पेयात टाकू नये. ती बहुधा वस्तू गार ठेवण्यासाठी बनवलेली असते, खाण्यासाठी नव्हे.

मापे आणि भांडी

शेकर (पेय हलवण्याचे झाकणाचे भांडे) आणि जिगर (दारू मोजण्याचे लहान माप) यांच्यावाचून काही अडत नाही. मापासाठी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे खुणांचे झाकण किंवा न वापरलेली 10 मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. अंदाजाने ओतण्याची सवय या पेयात घातक आहे. पाच मिलिलिटर लिंबू कमी-जास्त झाले तरी चव हलते. हलवण्यासाठी फिरकीच्या घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम. घरातला जुना पितळी फिरकीचा तांब्या दिसायला देखणा असला तरी मोह आवरावा, कारण कल्हई नसलेल्या पितळेवर आणि तांब्यावर लिंबाचा रस चढतो आणि ते पोटाला बाधते. ग्लास उंच, अरुंद आणि 300 ते 350 मिलिलिटरचा हवा. लस्सीचा काचेचा ग्लास चालतो. पसरट ग्लासात सोडा लवकर बसतो.

प्रत्यक्ष कृती

एका ग्लाससाठी जिन 60 मिलिलिटर, कागदी लिंबाचा गाळलेला रस 25 मिलिलिटर किंवा जंबेरीचा 30 मिलिलिटर, पाक 20 मिलिलिटर आणि थंड सोडा 100 मिलिलिटर लागतो. कागदी लिंबे रसरशीत असली तर दोन पुरतात, उन्हाळ्यात तीन धरावीत.

ग्लास आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. डब्यात प्रथम लिंबाचा रस आणि पाक घालून, बोट बुडवून चव पाहावी. ते दोन्ही एकत्र चाखताना थोडे जास्तच आंबट आणि थोडे जास्तच गोड लागले पाहिजे, कारण पुढे त्यात दुपटीहून अधिक पातळ पदार्थ पडणार आहेत. येथे चव नेमकी लागली तर तयार पेय फिके होणार असे समजावे. मग जिन घालावी, बर्फाचे चार-पाच मोठे तुकडे टाकावेत, झाकण घट्ट फिरवावे आणि डबा दोन्ही हातांनी धरून दहा-बारा सेकंद जोरात हलवावा. बाहेरून दव धरले आणि बोटांना चटका बसू लागला की थांबावे. एवढ्यात साधारण 25 मिलिलिटर बर्फाचे पाणी आत उतरते आणि ते हवेच असते. सोडा डब्यात कधीही घालू नये. हलवताना वायूचा दाब वाढून झाकण उडते, आणि भिंतीवरचे डाग नंतर महिनाभर त्याची साक्ष देतात.

थंड ग्लासात ताजे, मोठे बर्फ काठापर्यंत भरावे. कमी बर्फ घातल्यास पेय पातळ होणार नाही ही समजूत उलटी आहे. भरपूर बर्फ एकमेकाला थंड ठेवते आणि सावकाश वितळते. चहाच्या गाळणीतून डब्यातले मिश्रण त्यावर ओतावे. आता सोड्याची बाटली उघडावी, ग्लास किंचित तिरका धरावा आणि सोडा आतल्या बाजूने, घाई न करता सोडावा. लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचलावा. ढवळत बसू नये. प्रत्येक फेऱ्याबरोबर वायू जातो.

शेवटी जंबेरीच्या किंवा संत्र्याच्या सालीचा अंगठ्याएवढा तुकडा, रंगीत बाजू पेयाकडे करून, ग्लासावर दुमडून दाबावा. तेलाचे बारीक तुषार पेयावर पडतात आणि पहिल्या घोटाआधीच नाकाला वास येतो. ही क्रिया शोभेची वाटते, परंतु ती वगळून एक ग्लास करून पाहिल्यास तिची किंमत कळते. पुदिना, काळे मीठ, चाट मसाला यांतले काही घालू नये. ते सगळे लिंबू-सोड्यात शोभते, पण येथे जिनचा वासच मारून टाकते.

तयार पेय फार आंबट लागले तर पुढच्या वेळी पाक पाच मिलिलिटरने वाढवावा, लिंबू कमी करू नये. बसके लागले तर दोष सोड्याच्या गारपणात शोधावा.

याच कुळातले दुसरे प्रसिद्ध पेय फ्रेंच 75 आहे. फ्रेंच सैन्याच्या 1897 सालच्या 75 मिलिमीटर तोफेवरून त्याला नाव मिळाले. त्यात 30 मिलिलिटर जिन, 15 मिलिलिटर लिंबाचा रस आणि 15 मिलिलिटर पाक वरच्याप्रमाणे हलवून, अरुंद ग्लासात बर्फाशिवाय गाळून, वर 90 मिलिलिटर शँपेन किंवा नाशिककडची चांगली कोरडी स्पार्कलिंग वाइन ओततात. वाइनमुळे ते सौम्य आहे असा समज होतो. तोफेचे नाव उगाच दिलेले नाही.

किती, कोणाला आणि कधी

आपल्याकडच्या बहुतेक जिनमध्ये 42.8 टक्के मद्यार्क असतो. त्या हिशेबाने 60 मिलिलिटरमध्ये सुमारे 20 ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो, आणि तयार टॉम कॉलिन्स सुमारे 11 टक्क्यांचे, म्हणजे कडक बिअरहूनही कडक होते. लिंबू आणि साखर हे लपवतात, म्हणून तहान भागवण्यासाठी ते पिऊ नये. दुपारच्या उन्हातून शेतावरून आलेल्या माणसाने आधी दोन ग्लास पाणी प्यावे, सावलीत बसावे आणि पेयाचा विचार सूर्य मावळल्यावर करावा. मद्याने अंगातले पाणी आणखी कमी होते. त्या रात्री मोटारसायकलला हात लावू नये. गरोदर स्त्रियांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी आणि झोपेची किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी ते टाळावे.

घरात न पिणारी माणसे असतातच, आणि त्यांच्यापुढे नुसता लिंबू-सोडा ठेवणे मला बरे वाटत नाही. त्यांच्यासाठी पाक करताना 200 मिलिलिटर पाण्यात एक मोठा चमचा धणे जाडसर ठेचून, दोन वेलदोडे आणि संत्र्याच्या सालीचे चार तुकडे घालून दहा मिनिटे झाकून उकळावे आणि गाळावे. आटून कमी झालेले पाणी पुन्हा 200 मिलिलिटर भरून मगच साखर विरघळवावी. हपुषा सोडली तर जिनचा बराचसा वास या तीन जिनसांत असतो. हा पाक 30 मिलिलिटर, लिंबाचा रस 25 मिलिलिटर, बर्फ आणि वर 150 मिलिलिटर सोडा घेतल्यास ग्लास दिसायलाही सारखाच होतो, आणि बैठकीत कोणाच्या हातात काय आहे याची चौकशी थांबते.

सहा जणांसाठी करायचे असल्यास प्रत्येक ग्लास वेगळा हलवत बसण्याची गरज नाही. 360 मिलिलिटर जिन, 150 मिलिलिटर कागदी लिंबाचा रस, 120 मिलिलिटर पाक आणि बर्फाच्या वितळण्याच्या बदल्यात 150 मिलिलिटर गार पाणी स्टीलच्या बरणीत एकत्र करून तीन तास फ्रिजमध्ये ठेवावे. पाहुणे बसल्यावर बर्फाने भरलेल्या प्रत्येक ग्लासात त्यातले 130 मिलिलिटर ओतून वर सोडा घालावा. सोड्याची बाटली प्रत्येक दोन ग्लासांमागे नवी उघडावी आणि उघडी राहिलेली दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवू नये.